राजाचा बाण आणि नेसादपुत्र साम : मृगयेच्या इतिहासाची धम्मदृष्टी

अजिंठ्याच्या लेण्यांचा आधुनिक जगाला जो परिचय झाला, त्याला एक शिकार निमित्त ठरली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या खोऱ्यात आला असता त्याला दाट झाडीमधून एका चैत्यगृहाची कमान दिसली. आत जाऊन त्याने एका स्तंभावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आसपासच्या रहिवाशांना ही लेणी ठाऊक होतीच. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत नाव नोंदले गेले ते शिकाऱ्याचे. हे चैत्यगृह आज लेणे क्रमांक १० म्हणून ओळखले जाते व ते इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातील आहे.

याच लेण्याच्या भिंतीवर एका शिकारीची कथा रंगविलेली आहे. हरणाच्या मांसाच्या लोभाने धनुष्य घेऊन वनात आलेला वाराणसीचा राजा आणि त्याच्या विषारी बाणाने विद्ध झालेला साम नावाचा तरुण, असा तिचा विषय आहे. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावरही ही कथा कोरलेली आहे. भिक्खुसंघाने आणि त्याला दान देणाऱ्या उपासकांनी ही कथा इतक्या जिव्हाळ्याने का जपली? मृगयेच्या इतिहासातून धम्म आपणांस कोणता विचार देतो? या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

धनुष्याची घडण

प्राचीन भारतातील धनुष्याविषयी सर्वांत बारकाईची माहिती एखाद्या युद्धग्रंथाआधी मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात आढळावी, ही लक्षणीय बाब आहे. विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टांत तेथे आला आहे. बाण काढण्यापूर्वी तो मनुष्य विचारू लागतो की, धनुष्य 'चाप' होते की 'कोदण्ड'; त्याची दोरी रुईच्या धाग्याची होती की प्राण्याच्या स्नायूची की मूर्वेच्या वाखाची; बाणाचा दांडा रानातील होता की लागवडीचा; पिसे गिधाडाची होती की मोराची; फळ खुराच्या आकाराचे होते की वासराच्या दातासारखे की कण्हेरीच्या पानासारखे. हे सारे जाणून घेईपर्यंत तो मरून जाईल, हा तथागतांचा मुद्दा आहे. परंतु दृष्टांताच्या ओघात धनुष्य घडविणाऱ्या कारागिरांचे सारे ज्ञान सुत्तात नोंदले गेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्ये व मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या दोऱ्या सांगितल्या आहेत. दोन्ही याद्या बऱ्याच अंशी जुळतात.

यांतील शिंगाचे धनुष्य म्हणजे 'शार्ङ्ग'. लाकडाच्या गाभ्याला पोटाच्या बाजूने शिंगाच्या पट्ट्या आणि पाठीच्या बाजूने स्नायूंचे धागे सरसाने चिकटवून संयुक्त धनुष्य तयार करीत. दोरी ओढली असता शिंग दाब सहन करते व स्नायू ताण सहन करतो. अशा धनुष्याची दोन्ही टोके पुढे वळलेली असल्यामुळे लांबी कमी असूनही बाणाला वेग मोठा मिळतो आणि घोड्यावरूनही ते वापरता येते. मध्य आशियातील शक व कुषाण यांचे हे प्रमुख शस्त्र होते. याउलट साध्या पायदळ सैनिकाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी मागे ओढीत आणि त्याचा बाण तीन हातांहून थोडाच कमी असे, असे वर्णन नीआर्कसच्या आधारे अॅरियन या ग्रीक लेखकाने केले आहे.

ज्या समाजात तथागतांचा जन्म झाला, त्या शाक्यांच्या गणराज्यात धनुर्विद्या हा क्षत्रियांचा अभिमानाचा विषय होता. त्यांच्या उपदेशात बाण सरळ करणारा कारागीर, मृगांसाठी चारा पेरणारा पारधी, फासात अडकलेले हरीण असे दृष्टांत वारंवार येतात. म्हणजेच ज्यांनी मृगयेचा त्याग करावयास सांगितले, त्यांना मृगया पूर्णपणे माहीत होती.

दोन शिकारी, दोन न्याय

प्राचीन काळी मृगया करणारे दोन वर्ग होते. एक राजा व त्याचे सरदार. दुसरा वनात राहून पोटासाठी शिकार करणारा माणूस.

चंद्रगुप्त मौर्याच्या मृगयेचे वर्णन मेगॅस्थेनिसच्या आधारे स्ट्रॅबोने दिले आहे. राजाभोवती शस्त्रधारी स्त्रियांचे कडे असे. मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असत व दोर ओलांडून आत येणाऱ्यास मृत्युदंड होता. राखीव वनात राजा मचाणावरून बाण सोडी, मोकळ्या रानात हत्तीवरून. कौटिल्याने तर मृगयेचे लाभच मोजून दाखविले आहेत. तिच्यामुळे व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, असे त्याचे मत आहे.

दुसऱ्या शिकाऱ्याला पाली वाङ्मयात 'नेसाद' म्हटले आहे. चांडाळ, वेण, नेसाद, रथकार आणि पुक्कुस ही पाच कुळे त्या काळी 'नीच' मानली जात, असा उल्लेख सुत्तांत अनेकदा येतो. मनुस्मृतीने राजाच्या मृगयेची गणना व्यसनांत केली हे खरे. पण ते व्यसन करून राजाचे राजेपण जात नाही. उलट दहाव्या अध्यायात मेद, आंध्र, चुंचू आणि मद्गू यांना रानातील पशू मारण्याचे आणि निषादांना मासे मारण्याचे काम जन्मानेच नेमून दिले आहे. म्हणजे एकाने मौजेसाठी हरीण मारले तर ते व्यसन आणि दुसऱ्याने पोटासाठी मारले तर ती त्याची जात! हत्या एकच, बाण एकच. पण न्याय मात्र दोन.

तथागतांनी हा पायाच नाकारला. वासेट्ठ सुत्तात त्यांनी स्पष्ट केले आहे की, माणसाची ओळख त्याच्या कर्मावरून ठरते. जो धनुर्विद्येवर उपजीविका करतो तो योद्धा, जो शेती करतो तो शेतकरी. कर्म बदलले की ओळख बदलते. नेसादाने धनुष्य खाली ठेवले की त्याच्या नेसादपणाचा काहीही शेष उरत नाही.

साम जातक आणि श्रावणाची कथा

आता अजिंठ्याच्या भिंतीवरील कथेकडे वळू. राजा पिलियक्ख राज्यकारभार आईच्या हाती सोपवून मृगयेसाठी हिमालयात जातो. मिगसम्मता नदीच्या पाणवठ्यावर हरणांच्या पावलांचे ठसे पाहून तो दबा धरून बसतो. तेवढ्यात हरणांच्या मेळ्यातून साम पाणी भरावयास येतो. राजा त्यालाच बाण मारतो. घायाळ साम शांतपणे विचारतो की, माझे मांस खाण्याजोगे नाही, कातडेही उपयोगाचे नाही, मग मला का मारले? राजा आधी खोटे बोलतो. हरीण टप्प्यात आले होते, तुला पाहून ते बिथरले, म्हणून राग आला, असे तो सांगतो. साम उत्तरतो की, हरणे मला पाहून कधीच बिथरत नाहीत. तेव्हा राजाला आपले खोटे कबूल करावे लागते.

हा साम कोण? तो स्वतःची ओळख 'नेसादपुत्र' अशी देतो. ही ओळख जातकाच्या गाथेतच आलेली आहे. त्याचे आईबाप दुकूलक आणि पारिका हे वाराणसीजवळच्या, नदीच्या दोन तीरांवरील दोन नेसादग्रामांच्या प्रमुखांची मुले. नेसाद कुळात जन्मूनही त्यांनी कधी प्राणिहत्या केली नाही व पुढे ते प्रव्रजित झाले. ज्यांना समाजाने जन्मतः हिंसक ठरविले ते येथे अहिंसक आहेत आणि ज्याला समाजाने प्रजेचा रक्षक मानले तो क्षत्रिय राजा मारेकरी आहे. जातककारांनी ही पात्रयोजना सहज केली असेल असे वाटत नाही.

वाल्मीकी रामायणातील दशरथाची कथा याच साच्याची आहे. सरयूच्या काठी, रात्री, शब्दवेधी बाणाने दशरथ एका तपस्व्याच्या मुलाला मारतो. लोकपरंपरेत त्याला श्रावण म्हणतात. परंतु तेथे मरणोन्मुख मुलगा राजाला काय सांगतो? आपण द्विज नसून वैश्य पित्यापासून शूद्र मातेच्या पोटी जन्मलो आहोत, तेव्हा ब्रह्महत्येचे भय बाळगू नये, असा दिलासा तो आपल्या मारेकऱ्याला देतो! मृत्यूच्या क्षणीही वर्णाचा हिशेब सुटत नाही. नंतर आंधळा पिता शाप देतो आणि कथा संपते.

साम जातकात असा हिशेब नाही. राजा स्वतः आंधळ्या आईबापांकडे जाऊन अपराधाची कबुली देतो. शोकाकुल पारिकेला दुकूलक अक्रोधाचा उपदेश करतो. शेवटी साम सत्यक्रियेने बरा होतो आणि तोच राजाला राजधर्म शिकवतो. सत्यक्रियेचा चमत्कार ही जुन्या कथाकारांची शैली म्हणून बुद्धिवादी वाचकाने बाजूला ठेवावी. उरते ते सामाजिक सत्य. नेसादपुत्र आचार्य होतो आणि राजा त्याच्यापुढे शिष्य म्हणून उभा राहतो.

निग्रोधमृग : मृगया आणि वेठ

निग्रोधमृग जातक सारनाथच्या मृगदायाशी जोडले जाते. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगनेही मृगराजाची कथा तेथे नोंदविली आहे. पिळवणुकीच्या दृष्टीने तिची सुरुवात फार बोलकी आहे. वाराणसीचा राजा रोज शिकारीला जाई आणि त्यासाठी गावकऱ्यांना त्यांची कामे टाकून हाका घालण्यास बोलावी. या वेठीला कंटाळून लोकांनीच एका उद्यानात चारा-पाण्याची सोय केली आणि रानातील हरणे हाकून आणून तेथे कोंडली. राजाच्या मौजेने आधी माणसे नाडली गेली आणि मग हरणे.

पुढचा भाग वाचकांना परिचित आहे. गाभण हरिणीच्या जागी मृगराज निग्रोध स्वतः मान ठेवतो आणि राजा प्रथम हरणांना, मग सर्व प्राण्यांना अभय देतो. परंतु कथा येथे संपत नाही, हे सहसा सांगितले जात नाही. अभय मिळालेली हरणे शेतातील पिके खाऊ लागतात आणि शेतकरी राजाकडे गाऱ्हाणे नेतात. राजा दिलेला शब्द मोडण्यास नकार देतो. तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला पिकांना तोंड लावण्यास मनाई करतो आणि शेतकरी शेताच्या कडेला पानांची खूण बांधतात. करुणा पशूंवर करावयाची, पण तिचा भार कष्टकऱ्याच्या ताटावर पडू द्यावयाचा नाही, हा या कथेचा विवेक आहे.

विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे

कथेतील हा विवेक इतिहासात उतरविण्याचा प्रयत्न सम्राट अशोकाने केला. आठव्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात व तीत मृगया आणि इतर करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो व तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना दान आणि ग्रामीण जनतेची भेट व तिच्याशी धम्मचर्चा होत असे. आजोबांच्या मृगयेत दोर ओलांडणाऱ्याला मृत्युदंड होता; नातवाच्या यात्रेत त्याच जनतेची भेट हा यात्रेचा हेतू ठरला. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष म्हणजे याच आठव्या लेखाचा एक तुकडा आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला.

पहिल्या शिलालेखात अशोकाने सुधारणेचा आरंभ स्वतःच्या मुदपाकखान्यापासून केला आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख लिहिताना दोन मोर व एक हरीण एवढेच उरले होते, तेही हरीण नित्य नव्हे. पुढे तेही थांबेल, असे वचन तो देतो. १९५८ साली कंदाहार येथे सापडलेल्या ग्रीक-अरामी लेखावरून राजाचे शिकारी व कोळी यांनीही हत्या थांबविल्याचे कळते. पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी अवध्य आहेत याची यादी असून प्राण्यांना मारण्यासाठी वने पेटवू नयेत, असा आदेश आहे. तथापि तेराव्या शिलालेखात वनवासींना दिलेला इशाराही आहे. तोही इतिहासाचा भाग असून आपण तो झाकून ठेवता कामा नये. तरीही क्रम लक्षात घ्यावा. आधी राजाचे ताट, मग राजाची करमणूक आणि त्यानंतर इतरांना आदेश.

बाबासाहेबांनी दिलेली कसोटी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा जो अर्थ विशद केला आहे, तो या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी भेद केला व केवळ इच्छेपोटी होणारी हत्या त्यांनी निषिद्ध मानली, असे बाबासाहेब दाखवून देतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. या कसोटीवर पिलियक्खाची मृगया निव्वळ इच्छा ठरते आणि पोटासाठी फास लावणारा नेसाद प्रथमतः गरजेचा प्रश्न ठरतो. त्याला शाप देऊन तो प्रश्न सुटत नाही. सम्यक आजीविकेचा मार्ग मोकळा करूनच तो सुटतो.

ही कसोटी आपल्या काळालाही लागू आहे. ब्रिटिश अमलात साहेबांची व संस्थानिकांची शिकार पराक्रम म्हणून मिरविली गेली, त्यांच्या दिवाणखान्यांत शिंगे टांगली गेली. त्याच अमलात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि हरणांना फास लावून जगणारे फासेपारधी पुढे त्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरविले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती योग्यच होय. परंतु फास सोडणाऱ्याच्या हाती जमीन, शिक्षण आणि रोजगार देण्याचे काम तितक्याच तत्परतेने झाले नाही. कपाळावरचा शिक्का तर अजून पुसला गेलेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्याचबरोबर सर्व माणसे समान मानण्याचीही आहे. या दोन प्रतिज्ञा एकमेकींपासून तोडता येत नाहीत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात गेल्यावर उपासकांनी जॉन स्मिथची कोरलेली अक्षरे शोधण्यापूर्वी भिंतीवरील नेसादपुत्र सामाकडे पाहावे. हरणे त्याला भीत नव्हती. अशा माणसाची जात विचारण्याचे कारण धम्माला कधीच पडले नाही.