दुखरा दात कोणता?

काही वर्षांपूर्वी सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम कोलकात्याजवळ डमडम येथे होता. एके रात्री दाढ दुखू लागली. सकाळी बाजारातल्या एका दातवाल्यापुढे बसून मी खालच्या दाढेवर बोट ठेवले आणि त्याने ती मोठ्या सफाईने उपटली. ठणका मात्र तसाच राहिला! पुढे एका तरुण दंतवैद्याने दातांना बर्फ लावून, एकेक दात हलकेच ठोकून पाहिला आणि किडलेली दाढ वरची आहे असे सांगितले. वरच्या दाढेची कळ खालच्या जबड्यात उमटू शकते, हा धडा मी एक निरोगी दाढ गमावून शिकलो.

हात दोघांचेही कुशल होते. फरक होता तो शिक्षणाचा. त्या फरकाचा इतिहास फार दूर नाही. डमडमहून लोकलने शियालदहला उतरावे; तेथून जवळच डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची पदवी १९१५ साली घेऊन हे गृहस्थ १९१९ मध्ये परतले आणि १९२० साली त्यांनी भारतातले पहिले दंत महाविद्यालय काढले. खर्चासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान चालविले! १९२५ साली त्यांनी दंतविद्येचे नियतकालिक सुरू केले, १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले आणि १९४९ मध्ये ही संस्था सरकारच्या स्वाधीन केली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले.

तोवर ही विद्या बहुतांशी उस्तादाच्या हाताखाली, पाहून पाहून शिकली जाई. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले : एक पदवीधरांचा, दुसरा निव्वळ अनुभवावर व्यवसाय करीत आलेल्यांचा. दोन शिक्षणपद्धती जणू एकाच वहीत शेजारी बसल्या.

पण महाविद्यालयाने तरी सारे साधले काय? व्याख्यानात रोग प्रकरणवार येतात. रुग्ण तसा येत नाही. तो केवळ गालाला हात लावून येतो. ही उणीव ओळखून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकात आणि स्वीडनमधील माल्मोच्या दंतविद्यालयाने १९९० साली क्रम उलटा केला. आधी रुग्णाची तक्रार विद्यार्थ्यांच्या लहान गटापुढे ठेवायची. काय विचारावे, काय तपासावे, कोणते ज्ञान अपुरे आहे, हे त्यांनीच शोधायचे.

यांतली श्रेष्ठ पद्धती कोणती, याविषयी जाणकारांत एकमत नाही. पाया कच्चा असेल तर शोधाचा नुसता तर्क होतो, हा आक्षेप खोटा नव्हे. मला वाटते, उमेदवारीने हात तयार होतो, व्याख्यानाने ज्ञानाचा साठा होतो आणि रुग्णाच्या कोड्याने शंका घेण्याची सवय लागते. माझ्या दातवाल्याजवळ हात होता; शंका नव्हती. रुग्णाने बोट ठेवलेल्या दाताला चिमटा लावण्यापूर्वी क्षणभर थांबणे ज्या शिक्षणाने अंगी बाणते, ते शिक्षण खरे. माझी ती दाढ त्या एका क्षणाने वाचली असती.