परागंदा लेखकाची संहिता : पांडुरंग खानखोजे यांचे जीवन आणि लेखन

पांडुरंग सदाशिव खानखोजे (1884-1967) यांचे नाव मराठी वाचकाला दोन संदर्भांत परिचित आहे. परदेशांतून सशस्त्र लढ्याची सिद्धता करणाऱ्या क्रांतिकारकांच्या मालिकेत ते येते, आणि मेक्सिकोत मक्याच्या नव्या वाणांवर काम करणारे कृषिशास्त्रज्ञ म्हणूनही येते. लेखक म्हणून मात्र त्यांचा विचार होत नाही. ही केवळ नोंदीतील उणीव असती तर एक टीप लिहून ती भरून काढता आली असती. प्रश्न अधिक मूलगामी आहे. ज्याने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे मातृभाषेच्या वाचकापासून दूर काढली, ज्याचे लेखन कधी पत्रक, कधी अहवाल, कधी परभाषेतील शास्त्रीय पुस्तिका अशा रूपांत विखुरले गेले, आणि ज्याने स्वतःविषयी मराठीत काही सांगितले ते थेट वार्धक्यात, त्याच्या संहितेला मराठी वाङ्मयेतिहासाच्या रूढ मांडणीत रकानाच नाही. अशा वेळी दोष त्या लेखनाचा मानायचा की रकान्यांचा, हे ठरवावे लागते.

वर्ध्यात जन्म आणि प्राथमिक शिक्षण, पुढे नागपुरात शिक्षण, टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव आणि शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस प्रयाण, हा पूर्वार्ध त्या पिढीतील अनेक तरुणांच्या चरित्राशी जुळणारा आहे. शेतकीचे शिक्षण हे त्यांचे प्रकट प्रयोजन होते. सैनिकी शिक्षण हे अप्रकट. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस येथील सैनिकी विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि 1913 मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतकीची पदवीही संपादन केली. या दोन विद्यांपैकी कोणती साध्य आणि कोणती साधन, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात अखेरपर्यंत सुटत नाही. तो सुटावा असा चरित्रकारांचा आग्रह असतो. परंतु त्या न सुटण्यातच या जीवनाचे वैशिष्ट्य आहे.

1913 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी मजुरांची जी संघटना उभी राहिली तिचे अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ आणि कोषाध्यक्ष पंडित काशीराम होते. काशीराम आणि खानखोजे यांनी त्यापूर्वीच ओरेगॉनमधील लाकूडगिरण्यांच्या परिसरात प्रचाराचे काम आरंभले होते. 1 नोव्हेंबर 1913 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून ‘गदर’ या पत्राचा उर्दू अंक निघाला आणि लवकरच गुरुमुखी आवृत्तीही सुरू झाली. संघटनेला पुढे पत्राचेच नाव मिळाले, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. पक्षाने पत्र काढले असे येथे म्हणता येत नाही. पत्राने पक्षाला ओळख दिली. खानखोजे यांच्या आठवणींनुसार संघटनेचे दोन विभाग होते. उघड भाग ‘प्रचारा’चा आणि गुप्त भाग ‘प्रहारा’चा, दुसऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. अनुप्रासाने जोडलेल्या या दोन शब्दांत शब्द आणि कृती यांची विभागणी झाली, आणि खानखोजे त्या विभागणीत शब्दाच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. त्यांच्या लेखनाकडे झालेल्या दुर्लक्षाचे एक कारण येथे, त्यांनी स्वतःच करून घेतलेल्या श्रमविभागात आहे.

दुसरे कारण भाषेचे. ‘गदर’चा वाचक पंजाबी होता. लाकूडगिरण्यांत आणि फळबागांत राबणाऱ्या त्या वाचकाला मराठीचा गंध नव्हता, आणि त्याला उद्देशून लिहायचे तर उर्दू किंवा गुरुमुखी हाच मार्ग होता. त्या चळवळीत मराठी माणसे होती. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेतून 1914 मध्ये परतले, मेरठला पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी गेले. मराठी माणसे होती, परंतु मराठी वाचकवर्ग नव्हता. लंडनमधील सावरकरांची स्थिती याहून वेगळी होती. त्यांच्या बातमीपत्रांना महाराष्ट्रात वाचक होता, म्हणून परदेशातही त्यांची मराठी वाहती राहिली. तरीही त्यांच्या 1857 विषयक ग्रंथाची कथा बोलकी आहे : मराठीत लिहिलेला हा ग्रंथ 1909 मध्ये इंग्रजी अनुवादातून जगापुढे आला, गदरच्या मंडळींनी तो पुढे पसरविला, आणि मूळ मराठी संहिता मात्र 1946 मध्ये बंदी उठल्यानंतरच छापली गेली. अनुवाद आधी आणि मूळ मागाहून, हा क्रम परागंदा लेखकाच्या वाट्याला अपवादाने येत नाही.

‘परागंदा’ हा शब्द येथे हेतुपूर्वक योजिला आहे. तो फारसीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे. ‘हद्दपार’ या शब्दात शासनाची आज्ञा गृहीत आहे, ‘निर्वासित’ या शब्दात घराचा नाश गृहीत आहे. एडवर्ड सईद यांनी 1984 मधील आपल्या निबंधात देशांतराच्या निरनिराळ्या अवस्थांत जो भेद केला आहे तो उपयुक्त खरा, पण मराठीजवळ स्वतःचा भेद आहे आणि तो वापरात आणण्याची सवय समीक्षेला नाही. महाभारताने तर ‘वनवास’ आणि ‘अज्ञातवास’ अशा दोन स्वतंत्र अवस्था मानल्या. वनवासात नाव टिकते, ठिकाण बदलते. अज्ञातवासात नावच टाकावे लागते. खानखोजे यांचे 1914 नंतरचे आयुष्य दुसऱ्या प्रकारात मोडते.

महायुद्धाच्या आरंभी ते अमेरिका सोडून तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. तेथे मुसलमान नाव आणि वेष धारण करून दक्षिण इराणातील टोळ्यांच्या साहाय्याने ब्रिटिश फौजांशी त्यांनी सामना दिला. शिराजला सूफी अंबाप्रसाद होते; मुरादाबादचे हे पत्रकार राजद्रोहाच्या खटल्यांनंतर इराणात येऊन राहिले होते आणि 1917 मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. प्रमथनाथ दत्त हे बंगाली सहकारी दाऊद अली या नावाने वावरत. ते पुढे लेनिनग्राडला हिंदुस्थानी आणि बंगाली भाषा शिकवू लागले. एकाच तुकडीतील या तीन माणसांच्या भाषिक नियती किती भिन्न झाल्या! एकाची भाषा त्याच्याबरोबर शिराजच्या मातीत गेली, दुसऱ्याची परक्या विद्यापीठात अध्यापनाचा विषय झाली, तिसऱ्याची तीन दशके मुकी राहिली.

फिलिप लज्यून यांनी 1975 मध्ये आत्मचरित्राचा जो ‘करार’ सांगितला, त्याचा पाया नावात आहे. मुखपृष्ठावरील लेखक, कथन करणारा निवेदक आणि कथनातील नायक हे तिघे एकाच नावाचे असतात, आणि त्या ऐक्यावर वाचक विश्वास ठेवतो. हा करार ज्या समाजात झाला तेथे नाव स्थिर आहे, जन्मनोंदीत आहे, पुस्तकाच्या पाठीवर आहे. इराणात वेगळ्या नावाने लढलेला माणूस नागपुरात बसून ‘मी’ म्हणून जेव्हा ती लढाई सांगतो, तेव्हा त्या ‘मी’चे कोणते नाव? लज्यूनच्या सिद्धान्ताला येथे उत्तर नाही. टोपणनावाची सोय त्यात आहे, पण टोपणनाव लेखकाचे असते. येथे नायकाचे नाव खोटे आणि लेखकाचे खरे. गुप्ततेची सवय जडलेली व्यक्ती आठवण सांगतानाही काही झाकते, काही तिसऱ्याच्या तोंडी घालते. अशा कथनातील तारखा सरकारी दप्तराशी ताडून पाहणे हे इतिहासकाराचे कामच आहे. समीक्षकाने मात्र त्या न जुळणाऱ्या जागांना ‘स्मृतिदोष’ म्हणून निकालात काढू नये. न जुळणे हाही त्या अज्ञातवासाचाच एक लेख आहे.

1921 मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह ते बर्लिनहून मॉस्कोला गेले. या गटाने कम्युनिस्ट इंटरनॅशनलपुढे आपल्या मांडण्या सादर केल्या. भूपेंद्रनाथांच्या प्रबंधावर लेनिन यांनी हिंदुस्थानातील किसान सभांची माहिती गोळा करावी असे सुचविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. राजकीय प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याजवळ शोधावे, ही दिशा खानखोजे यांच्या प्रकृतीला आणि शिक्षणाला अनुकूल होती. चळवळीतून शेतीकडे ते वळले, या प्रचलित मांडणीपेक्षा ते चळवळीतूनच शेतीपर्यंत पोहोचले असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

1924 मध्ये ते मेक्सिकोत आले. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेल्या परिचयाचा येथे उपयोग झाला, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापकाचे पद मिळाले. जुन्या जमीनदारी वाड्यात वसविलेल्या या विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात याच सुमारास दिएगो रिव्हेरा भित्तिचित्रे रंगवीत होते. मका आणि त्याचा रानटी आप्त असलेला तेओसिंते यांचा संकर, दुष्काळ आणि थंडी सोसणारी वाणे, शेतकऱ्यांसाठी ‘मुक्त कृषिशाळा’, हे खानखोजे यांचे काम. त्यांतील एका शाळेला 1919 मध्ये मारल्या गेलेल्या एमिलियानो सापाता यांचे नाव दिले होते. या काळात ते स्पॅनिशमध्ये लिहू लागले. हे लेखन पुस्तिकांचे आहे : वाणांची वर्णने, प्रयोगांचे निष्कर्ष, शेतकऱ्यांसाठी सूचना.

‘साहित्य’ या पदाची व्याप्ती रूढ अर्थाने घेतली तर या पुस्तिका बाहेर राहतात. परंतु पत्रकापासून पुस्तिकेपर्यंतची वाट एका लेखकाची आहे. दोन्ही प्रकारांत लेखक अनामिक होण्याकडे झुकतो, दोन्हींत वाचकाने काहीतरी करावे ही अपेक्षा असते, दोन्हींची भाषा वाचकाने ठरविलेली असते. ओरेगॉनमध्ये मजुराला उद्देशून बोललेला माणूस टेस्कोकोच्या परिसरात शेतकऱ्याला उद्देशून लिहितो. भाषा बदलली, संबोधनाची रचना तीच राहिली. सौंदर्यवादी समीक्षेने कलाकृतीच्या स्वायत्ततेवर भर दिला तेव्हा अशा प्रयोजननिष्ठ लेखनाची दखल घेण्याची तिची शक्ती तिने स्वतःच कमी करून घेतली. दलित साहित्याने आत्मकथनाला आणि जाहीरनाम्याला वाङ्मयीन मूल्य मिळवून दिल्यानंतर तरी ही भिंत पडायला हवी होती.

स्वतः मितभाषी राहिलेल्या या माणसाची प्रतिमा मात्र इतरांनी मोठ्या आवडीने घडविली. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी 1930 मध्ये मेक्सिकोतून हद्दपार होण्यापूर्वी त्यांच्या मक्याची कणसे आणि कृषिशाळांतील शेतकऱ्यांचे मेळावे टिपले. रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 1928 मध्ये रंगविलेल्या एका चित्रात मेजाच्या प्रमुखस्थानी बसून भाकरी वाटणाऱ्या पुरुषाला खानखोजे यांची मुद्रा दिली. चित्राचे शीर्षक ख्रिस्ती प्रार्थनेतील रोजच्या भाकरीच्या मागणीवरून घेतलेले आहे. वर्ध्याच्या ब्राह्मण घरातील मुलगा ख्रिस्ती प्रतीकव्यवस्थेत आणि मार्क्सवादी चित्रकाराच्या हातून अन्नदात्याच्या जागी बसतो. तिन्ही परंपरांत अन्न वाटणाऱ्याला पवित्र स्थान असल्यामुळे हे रूपांतर विसंगत वाटत नाही; परंतु त्या चित्रातील पुरुष बोलत नाही, हेही दृष्टीआड करता येत नाही. भिंतीवर ते कृषिपुरुष, ब्रिटिश दप्तरांत संशयित, विद्यालयाच्या नोंदीत प्राध्यापक. तिन्ही ठिकाणी ते दुसऱ्याच्या वाक्यातील नाम आहेत, क्रियापद दुसऱ्याचे.

1936 मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांताच्या शासनाच्या निमंत्रणावरून ते भारतात आले तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव अद्याप पुसले गेले नव्हते, आणि स्वतंत्र देशाच्या दारात त्यांना थांबावे लागले. पुढे नागपूर हे त्यांचे घर झाले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. या अखेरच्या कालखंडात त्यांनी आठवणी लिहिल्या आणि सांगितल्या. ज्या नागपुरात विदर्भ साहित्य संघासारखी संस्था आणि तिचे ‘युगवाणी’ होते, तेथे हा माणूस वाङ्मयीन चर्चेच्या परिघाबाहेर राहिला. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिले (1889) ते परतताच. धर्मानंद कोसंबींनी ‘निवेदन’ (1924) लिहिले तेही प्रवासांच्या ताज्या स्मरणातून. दोघांचेही मराठीशी नाते अखंड होते. खानखोजे यांना मात्र आठवणींआधी भाषा परत मिळवावी लागली. शिवाय ज्या लढ्यासाठी ते गेले तो त्यांच्याविना संपला होता, आणि श्रोत्यांच्या मनात स्वातंत्र्याचा इतिहास वेगळ्या नायकांसह आधीच लिहून झाला होता.

त्यांचे चरित्र पुढे दोघींनी लिहिले. कन्या सावित्री साहनी यांनी ते इंग्रजीत लिहिले. वीणा गवाणकर यांनी मराठीत ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हा ग्रंथ सिद्ध केला. कन्येच्या लेखनात वडिलांच्या कागदपत्रांचा आणि घरातील स्मरणांचा आधार आहे, त्यामुळे ते चरित्र आणि आत्मचरित्र यांच्या सीमेवर उभे राहते : वडिलांचा ‘मी’ मुलीच्या ‘ते’मधून ऐकू येतो. गवाणकरांच्या ग्रंथामुळे मराठी वाचकाला हे जीवन आपल्या भाषेत सलग वाचता आले. सप्टेंबर 2022 मध्ये चापिंगो येथे लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चित्र, छायाचित्र, चरित्र आणि पुतळा अशी प्रतिमांची रांग पूर्ण झाली असताना त्यांच्या स्वतःच्या वाक्यांचा, मराठी आठवणींचा आणि स्पॅनिश पुस्तिकांचा, एकत्र ठेवून अभ्यास करण्याचे काम मराठी विभागांपुढे आहे. त्यासाठी स्पॅनिश जाणणारा मराठीचा विद्यार्थी लागेल, आणि मक्याच्या वाणाचे वर्णन संहिता म्हणून वाचण्याची तयारी असलेला मार्गदर्शकही.