झांकलेल्या पत्त्यांचा उघडा खेळ

द्यूत आणि प्रेक्षक यांचा संबंध फार जुना आहे. महाभारतांतील द्यूतसभेंत खेळणारे थोडे, परंतु पाहणारी सारी राजसभा होती. आणि फासा पडला कीं तो खेळणाऱ्यास दिसे तसाच पाहणाऱ्यासहि दिसे. पोकर नांवाच्या अमेरिकन पत्त्यांच्या खेळाची प्रकृति याच्या अगदीं उलट आहे. त्याचें सर्व मर्म झांकलेल्या पानांत सांठवलेलें असतें आणि पाहणाऱ्याच्या वांट्यास केवळ खेळाडूंचे निर्विकार चेहरे येतात. असा खेळ लक्षावधि लोकांनीं घरीं बसून आवडीनें पाहावा, ही गोष्ट घडून आली ती एका कांचेच्या तुकड्यामुळें व एका लहानशा कॅमेऱ्यामुळें. हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण जें दाखविलें जातें तें खरें असूनहि पूर्ण सत्य कसें नसतें, हेंहि त्यावरून कळून येतें.

या खेळाचा जो प्रकार आज सर्वत्र रूढ आहे त्यास 'टेक्सस होल्डेम' म्हणतात. तीनपत्ती जाणणाऱ्यास तो समजण्यास कठीण नाहीं. प्रत्येक खेळाडूस दोन पानें उपडीं मिळतात. मागाहून पांच पानें सर्वांच्या देखत उताणीं मांडतात. आणि या सातांतून उत्तम पांच पानांचा मेळ ज्याचा, त्याचा डाव. मधल्या प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची संधि असते. हातांत कांहीं नसतांना मोठी रक्कम पुढें सारून प्रतिपक्षास पानें टाकावयास लावणें, म्हणजेच हूल देणें, हा या खेळाचा प्राण होय. परंतु ज्याची हूल साधली तो आपलीं पानें दाखविण्यास बांधलेला नसतो. म्हणजे या खेळांतील सर्वांत मोठा पराक्रम बहुधा गुप्तच राहावयाचा!

१९७० सालीं बेनी बिनियन यानें लास व्हेगास येथील आपल्या हॉर्सशू या जुगारगृहांत 'वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर' ही स्पर्धा सुरू केली. त्याच दशकांत सी. बी. एस. या अमेरिकन वाहिनीनें तिचें चित्रण केलें, पुढें ई. एस. पी. एन. या क्रीडावाहिनीनेंहि तिचें प्रक्षेपण केलें. पण खेळ कांहीं केल्या रंगेना. एकानें पैसे लावावेत, दुसऱ्यानें विचार करून पानें टाकावीं, आणि दोघांच्या हातांत काय होतें याचा निवेदकानें केवळ तर्क करावा, असा तो प्रकार होता. भिंतीपलीकडे चाललेल्या भांडणाचे नुसते आवाज ऐकावेत, तशी प्रेक्षकाची स्थिति होई.

ही भिंत पाडण्याची युक्ति ज्यास सुचली त्या हेन्री ऑरेनस्टीनचें चरित्र विलक्षण आहे. १९२३ सालीं पोलंडमध्यें एका यहुदी कुटुंबांत तो जन्मला. नाझींनीं त्याच्या आईवडिलांची हत्या केली. तो स्वतः पांच छळछावण्यांतून वांचला. एका छावणींत शास्त्रज्ञ व गणितज्ञ कैद्यांनीं नांवें नोंदवावीं, असें फर्मान निघालें. ऑरेनस्टीन यांपैकीं कोणीच नव्हता. तरी त्यानें आपलें व आपल्या भावांचीं नांवें बेधडक दिलीं. ज्या हुलीवर प्राण पणास लागले होते, ती अशी साधली. युद्धानंतर तो अमेरिकेस गेला आणि खेळणीं बनविण्याच्या धंद्यांत नांवारूपास आला. 'ट्रान्सफॉर्मर्स' या खेळण्यांना अमेरिकेची बाजारपेठ मिळवून देण्यांत त्याचा मोठा हात होता. झांकलेलीं पानें प्रेक्षकांना दाखविणाऱ्या, कॅमेरे बसविलेल्या टेबलाचें पेटंट त्यास १९९५ सालीं मिळालें. १९९६ सालीं तो स्वतः वर्ल्ड सीरीजमधील एका स्पर्धेंत विजयी झाला. २०२१ सालीं, वयाच्या ९८ व्या वर्षीं, तो निधन पावला.

झांकलेलीं पानें उघड करणारा पहिला गाजलेला कार्यक्रम मात्र ब्रिटनमध्यें झाला. १९९९ सालीं 'चॅनल फोर' या वाहिनीवर 'लेट नाइट पोकर' सुरू झाला. टेबलाच्या कडेला कांच बसवून तिच्याखालीं कॅमेरे ठेवलेले असत. हल गांवचा डेव्ह उलियट हा पहिल्या मालिकेचा विजेता ठरला, आणि त्याचा चष्मा व 'डेव्हिलफिश' हें टोपणनांव घरोघर पोंचलें. पुढें मार्च २००३ मध्यें अमेरिकेंत 'वर्ल्ड पोकर टूर'चें प्रक्षेपण सुरू झालें. पानें तर दिसतच, शिवाय प्रत्येकाच्या जिंकण्याची शक्यता शेंकडेवारीनें पडद्यावर झळके.

या आंकड्यांनीं प्रेक्षक सर्वज्ञ झाला. परंतु येथेंच एक सूक्ष्म फसगतहि आहे. समजा, एकाकडे दोन एक्के व दुसऱ्याकडे दोन बादशहा आहेत. पडद्यावर पहिल्यासमोर सुमारें ८२ व दुसऱ्यासमोर सुमारें १८ हे आंकडे येतात, आणि बादशहावाला पैसे लावूं लागला कीं घरीं बसलेला मनुष्य त्याच्या मूर्खपणास हंसतो. वस्तुतः तो आंकडा दोघांचींहि पानें पाहून काढलेला असतो. खेळाडूस केवळ स्वतःचीं पानें ठाऊक असतात आणि दोन बादशहा हा अत्युत्तम हात असतो. त्याचा निर्णय चूक नसतो, दैव प्रतिकूल असतें. नाटकांतील नायकाच्या अज्ञानाची प्रेक्षकास कींव येते ती याच कारणानें. फरक इतकाच कीं, नाट्यगृहांतून उठलेला प्रेक्षक 'या जागीं आपण असतों तर जिंकलों असतों' असें सहसा म्हणत नाहीं.

२००३ सालच्या वर्ल्ड सीरीजनें याच भावनेस भरतें आणलें. टेनेसी राज्यांतील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील ८६ डॉलरांच्या एका लहान स्पर्धेंतून १०,००० डॉलर प्रवेशमूल्याच्या मुख्य स्पर्धेंत आला होता. अंतिम द्वंद्वांत त्याच्यासमोर सॅम फारहा हा मुरलेला व्यावसायिक होता. एका डावांत फारहाकडे नव्वांची जोडी होती; मनीमेकरचीं अपेक्षित पानें आलीच नव्हतीं, तरी त्यानें सर्वस्व पुढें सारलें. फारहानें बराच विचार केला आणि पानें टाकलीं. पूर्वीं हें रहस्य त्या टेबलावरच विरून गेलें असतें; आतां तें घराघरांतून पाहिलें गेलें. मनीमेकरनें २५ लाख डॉलर जिंकले. त्या वर्षीं मुख्य स्पर्धेंत ८३९ जण उतरले होते. २००४ सालीं ही संख्या २,५७६ झाली आणि २००६ सालीं ८,७७३ वर गेली. इंटरनेटवरील जुगाराची सोय हें याचें एक कारण, आणि दूरचित्रवाणी हें दुसरें. पहिल्यानें दार उघडलें, दुसरीनें लोकांना दारापर्यंत आणलें.

तासाभराच्या कार्यक्रमांत दिवसभराच्या खेळांतील मोजकेच डाव येत. ज्या असंख्य डावांत मुकाट्यानें पानें टाकून बसावें लागतें, ते कात्रींत जात. वास्तविक संयम हाच या खेळांतील मोठा गुण. पण पडद्यावर पाहणाऱ्यास धाडसाचीच परंपरा दिसे. शिवाय विजेत्याची रास दिसे, पण ती इतर खेळाडूंच्याच प्रवेशमूल्यांतून उभी राहिलेली असे, हें सहज विसरलें जाई. जाहिरातदार होत्या त्या बहुतांशीं इंटरनेटवरील पोकर कंपन्याच. १५ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकन सरकारनें त्यांतील तीन मोठ्या कंपन्यांच्या चालकांवर आरोप ठेवले, तेव्हां हा द्रव्याचा ओघ आटला आणि त्यावर पोसलेले कित्येक कार्यक्रम बंद पडले.

पुढें चालू खेळ दाखविण्याची प्रथा वाढली. परंतु उघडीं पानें तत्क्षणीं दाखवावीं तर तीं कोणीहि खेळाडूस कळवील. म्हणून प्रक्षेपण मुद्दाम उशिरानें करतात. ज्या गुप्ततेवर खेळ उभा आहे ती मोडल्यावांचून प्रेक्षकास रस नाहीं, आणि ती पुरती मोडली तर खेळच उरत नाहीं. या पेंचांतून केवळ त्या विलंबानें वाट काढली आहे.

ऑरेनस्टीनच्या कॅमेऱ्यानें एका अदृश्य कलेस प्रेक्षक मिळवून दिला, हें त्याचें श्रेय निःसंशय मोठें आहे. परंतु सर्वांचीं पानें दिसण्याची जागा एकच, आणि ती पडद्यासमोरची. तेथून उठून जो टेबलाशीं जाऊन बसतो, त्याच्या हातीं दोनच पानें असतात; बाकीचीं सर्व उपडीं.