उत्तरतालिका आणि न्यायमूर्ती चंद्रचूड

वाराणसीच्या लंका भागात चहाच्या दुकानांवर जेईईच्या गणिताची उत्तरे ताडून पाहणारी मुले मी पुष्कळदा पाहिली आहेत. एका प्रश्नाचे चार गुण. तेवढ्याने क्रमांक हजारोंनी घसरू शकतो. आज निदान तात्पुरती उत्तरतालिका जाहीर होते आणि शुल्क भरून तिच्यावर आक्षेप घेता येतो.

या व्यवस्थेमागे उत्तर प्रदेशातीलच एक खटला आहे. १९८२च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची उत्तरतालिका कानपूर विद्यापीठाने निकालाबरोबर प्रसिद्ध केली. तिच्यातील काही उत्तरे पाठ्यपुस्तकांशी जुळेनात, म्हणून विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड (आपले पुण्याचे!) यांनी निवाडा दिला: तालिका बरोबरच मानावी, मात्र ती निर्विवाद चूक ठरल्यास विद्यार्थ्याने शिक्षा का भोगावी?

तालिका छापलीच नसती तर वाद उद्भवला नसता, हेही त्यांनी नोंदवले आणि तो मार्ग नाकारला. आम्हा प्रशासकांना नेमका तोच मार्ग सोयीचा वाटतो. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०११ साल उजाडले, तेही माहिती अधिकार कायद्याच्या आधारे.