अर्जुनाचे खरे नाव

दूरदर्शनवरचे ‘महाभारत’ पाहिलेल्या परभणीतल्या कोणालाही विचारा, त्यात कृष्ण कोण होता? नितीश भारद्वाज हे नाव चटकन येईल. अर्जुन कोण होता म्हटले की मात्र माणसे घुटमळतात. आपल्या मोहल्ल्यातही तेच. ते नाव फिरोज खान. ते आपल्यालाही आठवू नये याची खंत वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बी. आर. चोप्रा यांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात चालली. एकूण ९४ भाग. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमच्या मोहल्ल्यात टीव्ही असलेली घरे मोजकी. रविवारी सकाळी त्या घरांत दाटीवाटीने आम्ही बसायचो. आमचे अब्बा निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. ‘भ्राताश्री’ कानावर पडले की हसून म्हणत, “ये तो अपने भाईजानच हैं!” त्यांचा कान खोटा नव्हता. मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे होते.

अर्जुनाची भूमिका फिरोज खान यांच्याकडे आली ती एका मिशीमुळे. आधी पंकज धीर यांची निवड झाली होती. अज्ञातवासातल्या बृहन्नडेसाठी मिशी उतरवावी लागणार होती. त्यांनी नकार दिला. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले. ते कर्ण झाले आणि फिरोज खान अर्जुन.

चित्रपटसृष्टीत फिरोज खान नावाचा मोठा नट आधीच होता. तेव्हा चोप्रा आणि राहींच्या सूचनेवरून यांनी ‘अर्जुन’ हेच नाव घेतले. युसुफ खानचे दिलीपकुमार झाले, महजबीनची मीनाकुमारी झाली, त्याच माळेत आपण हेही नाव ओवून मोकळे होतो. पण इथे नाव बदलले ते दुसऱ्या फिरोज खानमुळे. धर्म लपवण्यासाठी ते बदलले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र परिणाम तोच झाला. नट दिसला, माणूस झाकला गेला.

पुढची वाटचाल या भूमिकेच्या सावलीतच झाली. तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शनची एकच वाहिनी दिसे. पावणेदोन वर्षे दर रविवारी साऱ्या देशाने हाच चेहरा गांडीवासह पाहिला. तो दुसऱ्या रूपात मनात उतरणे अवघडच. ‘जिगर’मध्ये (१९९२) ते खलनायक होते आणि त्या पात्राचे नाव दुर्योधन! ‘करण अर्जुन’मध्ये (१९९५) तर हा अर्जुन खलनायकांच्या गोटात होता. ‘मेहंदी’त (१९९८) त्यांनी तृतीयपंथीयाची भूमिका केली. जी बृहन्नडा दुसऱ्याने नाकारली होती, तिच्या जवळचेच काम त्यांनी पुन्हा अंगावर घेतले. हिंमत लागते त्याला. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो अर्जुनच.

आता थोडा काळाकडे पाहू. मालिका संपली जून १९९० मध्ये. तीनच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, सोमनाथहून रथयात्रा निघाली. दोन रथ, एकच वर्ष. पहिल्या रथावर फिरोज खान उभे होते, घोड्यांचे लगाम एका मराठी माणसाच्या हाती होते आणि दोघांच्या तोंडचे शब्द राहींचे होते. ते ऐकायला बामणाचे, मराठ्यांचे, आमचे घर सारखेच गोळा होत होते. दुसऱ्या रथामागे काय झाले, ते आपल्याला विसरता येत नाही. मग पहिला रथ का विसरावा?

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, ‘महाभारत’ पुन्हा दाखवले गेले. आमच्या घरात नातवंडे शेजारी बसली होती. अर्जुनाने धनुष्य उचलले तेव्हा आम्ही त्यांना नाव सांगितले. धाकट्याने आधी आमच्याकडे, मग पडद्याकडे पाहिले. “खान? अपनेवाले?” त्याने विचारले.

अपनेवाले, आणि सगळ्यांचेही. दोन्ही एकदम खरे असू शकते, हे त्याला तिथेच समजावले.