नांवांतील मोकळी जागा

‘आईन-इ-अकबरी’ंत आजच्या यवतमाळची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आढळते. योत म्हणजे यवतमाळ, आणि लोहारा हें त्याच्या पश्चिमेस असलेलें खेडें, असा उलगडा जिल्ह्याचें गॅझेटियर करतें. गांवें दोन, परंतु नांव एक! याच जिल्ह्यांतील नेर परसोपंत पहा. नुसतें ‘नेर’ म्हटलें तर अमरावती जिल्ह्यांतील नेर पिंगळाईशीं घोटाळा होण्याचा संभव; म्हणून दुसरा शब्द अलंकार नसून नांवाचेंच अंग होय. आमच्या पूर्वजांनीं तर मोडी कागद शब्दांमध्यें जागा न सोडतांच लिहिले. नांव कोठें संपतें हें वाचणारा अर्थावरून जाणत असे.

यंत्रास हा विवेक नाहीं. युनिक्स प्रणालीचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. तींत मनुष्याची आज्ञा वाचून ती तडीस नेणाऱ्या प्रोग्रॅमास ‘शेल’ म्हणतात, आणि लिहून ठेवलेल्या आज्ञांस शेल स्क्रिप्ट. आज्ञेंतील शब्द मोकळ्या जागेनें वेगळे करावेत, हा नियम टंकणाऱ्याच्या सोयीचा होता. फाइलींचीं नांवेंही त्या काळीं फार तर १४ अक्षरांचीं. त्यांत जागा सोडण्यास बंदी नव्हती, पण कारणही नव्हतें. १९७९ च्या सातव्या आवृत्तींतील स्टीफन बोर्न यांच्या शेलनें, चलांत साठविलेलें नांव बाहेर काढतांनाही तें मोकळ्या जागेपाशीं तोडण्याची रीत रूढ केली.

या रीतीचें मोल काय पडतें? समजा, एका संगणकावर ‘नेर’ आणि ‘नेर परसोपंत’ अशा दोन फाइली आहेत. दुसरें नांव चलांत घालून, अवतरणचिन्हें न देतां, पुसण्याची आज्ञा केली. शेलास ‘नेर’ आणि ‘परसोपंत’ अशीं दोन नांवें दिसतात. ‘परसोपंत’ सांपडत नाहीं अशी तक्रार येते, आणि निरपराध ‘नेर’ मात्र नाहींसें होतें! हें केवळ कल्पनेंतलें नव्हे. २००१ सालीं ॲपलच्या ‘आयट्यून्स २’ च्या स्थापना-स्क्रिप्टमध्यें हींच चिन्हें राहून गेलीं, आणि ज्यांच्या डिस्कविभागांच्या नांवांत मोकळी जागा होती अशा कांहीं जणांचे विभागच्या विभाग पुसले गेले.

उपाय साधा आहे: चलाभोवतीं दुहेरी अवतरणचिन्हें घालावींत. नांवांची यादी एका आज्ञेकडून दुसरीकडे द्यावयाची असल्यास मध्यें ‘नल’ हें शून्य मूल्याचें चिन्ह ठेवावें. कारण फाइलीच्या नांवांत तें व तिरपी रेघ हीं दोनच वर्ज्य आहेत. २०२४ च्या पॉसिक्स मानकानें या रीतीस मान्यता दिली. १९९० मध्यें निघालेल्या झेड-शेलनें तर चलांतील नांव आपण होऊन तोडणेंच सोडून दिलें.

नांवांतील जागा काढून अधोरेषा घालावी, असें कित्येक सुचवितात. स्वतःच्या फाइलींपुरतें तें ठीक. परंतु दुसऱ्यानें ठेवलेलें नांव बदलण्याचा अधिकार लेखनिकास कोणी दिला? त्यानें तें जसेंच्या तसें पोंचवावें, एवढेंच त्याचें काम, असें आम्हांस वाटतें.