गोदामातील कार्यशाळा : न्यूयॉर्कच्या सोहो भागातील जुन्या व्यापारी इमारती, कलावंत आणि कायदा (१९६१ ते १९८२)

प्रस्तावना :

कारखाने व पेढ्या कशा उभ्या राहिल्या याचा इतिहास नगरेतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असतो. त्या ओसरू लागल्यावर त्यांच्या भिंतींमध्ये काय घडले, हा प्रश्न मात्र पुष्कळदा इमारत पाडली किंवा विकली गेली एवढ्या नोंदीवरच संपतो. न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटावर, ह्यूस्टन रस्त्याच्या दक्षिणेस असलेला 'सोहो' हा भाग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी इमारतींचा एखादा मजला भाड्याने वा विकत घेऊन तेथे चित्रकार, शिल्पकार, विणकर व नर्तक यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली आणि या बेकायदेशीर वहिवाटीला सुमारे वीस वर्षांच्या काळात टप्प्याटप्प्याने कायद्याची मान्यता मिळाली. या मान्यतेचा आधार कोणता होता आणि त्या आधाराचा लाभ कोणाला झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. अशा मजल्यास तेथे 'लॉफ्ट' म्हणतात. मराठी घरांत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवण्याचा पोटमाळा. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत ज्यास 'गाळा' म्हणतात, त्याच्याशी ही कल्पना अधिक जुळते. म्हणून पुढे गाळा हाच शब्द योजला आहे.

इमारतींचे स्वरूप :

सोहोतील बहुसंख्य इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, कापड व तयार मालाच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या आहेत. त्यांचा दर्शनी भाग बिडाचा असे. बिडाचे खांब, कमानी व नक्षी ओतशाळेत साच्यातून काढून जागेवर बोल्टांनी जोडली जात. जेम्स बोगार्डस व डॅनियल बॅजर हे या तंत्राचे आघाडीचे प्रवर्तक होत. ब्रॉडवेवरील हॉवाउट इमारतीत १८५७ मध्ये एलिशा ओटिस यांचा उतारूंसाठीचा सुरक्षित उद्वाहक बसविण्यात आला. मुंबईतील वॉटसन हॉटेलची इमारतही याच काळातील. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आला होता, हे येथे सहज स्मरावे.

बिडाच्या बारीक खांबांमुळे दर्शनी भिंतीत मोठमोठ्या खिडक्या बसविता येत. न्यूयॉर्कच्या भूखंडाचे प्रचलित माप २५ फूट रुंद व १०० फूट खोल असे असल्याने मजला लांबट होई. पुढे-मागे भरपूर उजेड आणि मध्यभागी अंधार अशी त्याची रचना असे. आतील जमीन लाकडी, छत उंच आणि वजन पेलण्याची क्षमता घरगुती मजल्याहून कितीतरी अधिक. माल चढविण्यासाठी उद्वाहक होताच. थोडक्यात, व्यापाऱ्याने कापडाच्या गठ्ठ्यांसाठी जे बांधले ते मोठा कॅनव्हास वा धातूचे शिल्प घडविणाऱ्यास आयतेच उपयोगी पडले.

'ओसाड' कोणास म्हणावे? :

विसाव्या शतकात घाऊक व्यापार उत्तरेकडे सरकला आणि या इमारतींत लहान कारखाने आले. कापडाच्या चिंध्या, पुठ्ठ्याची खोकी, कागद व सुतळी यांचे धंदे तेथे चालत. हा माल ज्वालाग्राही आणि इमारती जुन्या. त्यामुळे आगी वारंवार लागत. १९५८ मध्ये वूस्टर रस्त्यावरील आगीत इमारत कोसळून अग्निशमनाच्या कामावरील ६ जण मृत्युमुखी पडले. अग्निशमन दलाने या भागास 'नरकाचे शंभर एकर' असे नाव दिले होते. रॉबर्ट मोझेस यांनी पुरस्कारलेला लोअर मॅनहॅटन द्रुतगती मार्ग ब्रूम रस्त्यावरून जाणार होता. त्यासाठी येथील इमारती पाडण्याचे समर्थन करणाऱ्यांना हे नाव सोयीचे होते.

नगर नियोजन आयोगासाठी चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने या भागाची पाहणी केली. तिचा अहवाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोहोच्या इतिहासात या अहवालास जेवढे महत्त्व मिळावयास हवे तेवढे क्वचितच दिले जाते. भाग ओसाड नसून तेथील लहान धंदे जिवंत आहेत, त्यांत पोर्टोरिकन व कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात काम करतात आणि हे धंदे उठविल्यास त्या कामगारांना अन्यत्र काम मिळणे अवघड आहे, असे रॅपकिन यांचे प्रतिपादन होते. कलावंतांच्या आगमनाची कथा सांगताना 'रिकाम्या पडलेल्या इमारती' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा मानावा लागतो. मजले रिकामे होत होते हे खरे. पण पुढील मजला रिकामा होईल की नाही हे ठरविण्यात नव्या भाडेकरूची भाडे देण्याची तयारी हाही एक घटक होता.

गाळ्याची कार्यशाळा होताना :

या प्रथेचा एक प्रारंभिक नमुना सोहोच्याही दक्षिणेस, मॅनहॅटनच्या टोकाशी असलेल्या कोएन्टीज स्लिप या जुन्या धक्क्यापाशी आढळतो. १९५६ नंतर एल्सवर्थ केली, रॉबर्ट इंडियाना, ॲग्नेस मार्टिन आदी चित्रकारांनी तेथील जहाज-व्यवसायाच्या जुन्या इमारतींत जागा घेतल्या. इंडियाना यांना तेथे पूर्वीच्या व्यापारी पेढ्यांचे पितळी अक्षरसाचे सापडले; मालावर नावे उमटविण्याचे ते साचे त्यांनी चित्रांत वापरले आणि पाडलेल्या इमारतींच्या तुळयांपासून शिल्पे घडविली. लेनोर टॉनी या विणकर स्त्रीने शिडे शिवण्याचा जुना गाळा घेतला होता. तेथील उंचीमुळे घरात टांगता येणार नाहीत असे उंच विणकाम तिला करता आले. जागेने कामाला दिलेले वळण येथे स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष रूपांतराचे काम कष्टाचे होते. पूर्वीच्या कारखान्याचा कचरा व यंत्रांचे उरलेले सांगाडे बाहेर काढणे, तेल मुरलेली जमीन घासणे, पाण्याचे नळ व मोरी जोडून घेणे, वीज वाढवून घेणे ही कामे कलावंत स्वतः वा मित्रांच्या साहाय्याने करीत. इमारत व्यापारी असल्याने सायंकाळनंतर व सुटीच्या दिवशी उष्णतेचा पुरवठा बंद होई. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. १९६१ च्या भूवापर नियमावलीनुसार या क्षेत्रात वास्तव्यास परवानगी नव्हती. त्यामुळे अंथरूण व चूल तपासनिसाच्या नजरेआड ठेवावी लागे, घरगुती कचरा दुसरीकडे नेऊन टाकावा लागे. दारावर घंटा नसल्याने पाहुणा रस्त्यावरून हाक मारी आणि वरून मोज्यात घातलेली किल्ली खाली टाकली जाई.

या श्रमाचा एक आर्थिक पैलू विशेष लक्षणीय आहे. भाडेकरार अल्प मुदतीचा आणि व्यापारी वापराचा असे. नळ, न्हाणीघर, जमीन, विजेची जोडणी यांवर भाडेकरूने केलेला खर्च करार संपताच मालकाच्या पदरात पडे आणि सुधारलेल्या जागेचे भाडे मालक वाढवी. यावर उपाय म्हणून जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून या सुधारणांची किंमत घेऊ लागला. मुंबईच्या पागडीची आठवण व्हावी असा हा व्यवहार. तथापि पागडीत मालकाचाही हिस्सा असतो, येथे तो प्रायः नसे.

मालक, सहकारी सभासद आणि भाडेकरू :

स्वतःची कार्यशाळा टिकविण्याचे तीन मार्ग होते. पहिला संपूर्ण इमारत विकत घेण्याचा. शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १८७० मध्ये बांधलेली १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही निकोलस व्हाइट यांच्या रचनेची पाच मजली इमारत १९६८ मध्ये ६८,००० डॉलरला घेतली. इमारत कोपऱ्यावर असल्याने तिला दोन बाजूंनी उजेड मिळतो. जड यांनी कचरा काढून प्रत्येक मजल्यास एकेक प्रयोजन दिले. दुसऱ्यावर स्वयंपाक व जेवण, तिसऱ्यावर कामाची जागा, पाचव्यावर झोपण्याची. मजल्यांचे विभाजन त्यांनी शक्यतो टाळले. १९९४ मध्ये त्यांच्या निधनानंतर इमारत जतन केली गेली आणि जीर्णोद्धारानंतर २०१३ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. एवढे स्वास्थ्य लाभलेले कलावंत अर्थातच थोडे.

दुसरा मार्ग सहकाराचा. लिथुआनियात जन्मलेले जॉर्ज माचुनास हे फ्लक्सस चळवळीचे संघटक होते. त्यांनी १९६७ मध्ये ८० वूस्टर स्ट्रीट ही इमारत घेऊन कलावंतांची सहकारी संस्था उभारली. प्रारंभी जे. एम. कॅपलन निधी व राष्ट्रीय कला निधी यांचे साहाय्य होते. एका इमारतीसाठी घेतलेली रक्कम दुसरीच्या खरेदीत गुंतविणे, राज्याच्या महाधिवक्त्याकडे आवश्यक ती कागदपत्रे न भरणे असा त्यांचा कारभार होता. पुढे अधिकाऱ्यांना चुकविण्यात त्यांचे दिवस गेले. १९७५ मध्ये ठेकेदाराशी झालेल्या वादातून त्यांना मारहाण होऊन एका डोळ्याची दृष्टी गेली. १९७८ मध्ये ते निवर्तले. कारभारातील ही बेशिस्त समर्थनीय नाही. परंतु मर्यादित उत्पन्नाच्या अनेक कलावंतांना मालकी हक्क मिळाला तो याच मार्गाने, हेही नाकारता येत नाही.

तिसरा मार्ग निव्वळ भाडेकरूचा. त्यास कायद्याखेरीज आधार नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने कलावंत :

१९६१ मध्ये कलावंत-भाडेकरूंच्या संघटनेने प्रदर्शनांवर बहिष्काराचा इशारा दिला. तेव्हा महापौर रॉबर्ट वॅगनर यांच्या प्रशासनाने तडजोड केली. इमारतीच्या दर्शनी भागावर 'ए.आय.आर.' म्हणजे 'निवासी कलावंत' अशी पाटी व मजल्याचा क्रमांक लावावयाचा. आग लागल्यास आत माणूस झोपलेला आहे हे जवानांना कळावे, हा तिचा उद्देश होता. राज्याने १९६४ मध्ये बहुनिवासी गृह कायद्यात '७-ब' हे प्रकरण घालून दृश्यकलावंतांच्या एकत्रित निवास व कामास मर्यादित मान्यता दिली. १९६९ मध्ये द्रुतगती मार्गाची योजना रद्द झाली आणि इमारतींवरील मोठे संकट टळले. त्या लढ्यात जेन जेकब्स यांच्यासह अनेक रहिवासी आणि कलावंतही होते. १९७१ च्या भूवापर दुरुस्तीने सोहोत 'कलावंतांचे संयुक्त निवास व कार्यस्थान' हा वापर अधिकृत झाला. १९७३ मध्ये हा भाग ऐतिहासिक क्षेत्र म्हणून घोषित झाला.

या दुरुस्तीतील युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. क्षेत्र उत्पादनाचेच राहिले. कलावंत हा एक प्रकारचा उत्पादक आणि त्याचे राहणे हे त्याच्या कामास आनुषंगिक, अशी मांडणी करण्यात आली. मोठ्या क्षेत्रफळाच्या इमारती उद्योगांसाठी राखण्याचा प्रयत्नही नियमांत होता. परिणामी कलावंत कोण हे ठरविणे शासनास भाग पडले. नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागाकडून प्रमाणपत्र घेणे आवश्यक झाले. अर्जदारास आपले काम आणि त्यासाठी मोठ्या जागेची गरज दाखवावी लागे. कार्यशाळेचा हक्क अशा रीतीने जागेवरील श्रमातून नव्हे, तर धारकाच्या व्यवसायाच्या ओळखीतून निर्माण झाला. शेजारच्या गाळ्यात खोकी बनविणाऱ्या कामगारास ही ओळख उपलब्ध नव्हती. तो तेथे काम करीत असे, राहत नसे आणि करारही त्याच्या नावावर नसे. त्याचा धंदा उठला तेव्हा त्याच्यासाठी कोणतीही पाटी लागली नाही.

प्रमाणपत्राची तपासणी शिथिल राहिली. पॉला कूपर यांनी १९६८ मध्ये आणि लिओ कॅस्टेली आदींनी १९७१ मध्ये येथे कलादालने उघडल्यावर भागाची प्रतिष्ठा वाढली. कलावंत नसलेल्या सधन वर्गास उंच छताचा गाळा राहण्यास आकर्षक वाटू लागला. १९७५ मध्ये जुन्या इमारतींच्या निवासी रूपांतरास करसवलत लागू झाली आणि रूपांतर हा गुंतवणुकीचा व्यवसाय बनला. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात या प्रक्रियेचे विश्लेषण करताना कलावंतांच्या प्रयत्नांपेक्षा भांडवल व शासन यांच्या हितसंबंधांवर भर दिला. तो भर मान्य केला तरी १९६० च्या दशकात मोरी जोडणाऱ्या भाडेकरूस आपण जमिनीची किंमत वाढवीत आहोत याची कल्पना असावी, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

१९८२ चा गाळा कायदा :

भाडेकरूंचा प्रश्न १९८२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हाती घेतला. बहुनिवासी गृह कायद्यात '७-क' हे प्रकरण आले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. १ एप्रिल १९८० ते १ डिसेंबर १९८१ या कालावधीत ज्या व्यापारी वा औद्योगिक इमारतीत तीन वा अधिक कुटुंबे स्वतंत्रपणे राहत होती, त्या इमारतीस काही अटींवर तात्पुरत्या बहुनिवासी गृहाचा दर्जा मिळाला. इमारत सुरक्षिततेच्या मानकांस उतरविण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली, भाड्यावर नियंत्रण आले आणि केवळ करार संपला म्हणून भाडेकरूस काढता येईनासे झाले.

या कायद्यातील सर्वांत उल्लेखनीय तरतूद सुधारणांच्या विक्रीची आहे. भाडेकरूने स्वखर्चाने केलेले नळ, न्हाणीघर, जमीन इत्यादी काम त्यास येणाऱ्या भाडेकरूस वाजवी बाजारभावाने विकता येते. खरेदीचा पहिला हक्क मालकाचा. गाळ्यात ओतलेल्या श्रमाला कायद्याने येथे प्रथमच किंमत दिली आणि ती वसूल करताना प्रमाणपत्राचा नव्हे, झालेल्या कामाचा आधार घेतला. मालकाने ही सुधारणा विकत घेतल्यास तो गाळा भाडे-नियंत्रणातून मुक्त होऊ शकत असल्याने, ज्या तरतुदीने श्रमाची किंमत मिळाली तिनेच स्वस्त भाड्याचे गाळे एकामागून एक कमी होत गेले. २०१० व २०१९ मधील दुरुस्त्यांनी कायद्याची व्याप्ती नंतर वसलेल्या गाळ्यांपर्यंत वाढविली.